शहाणपणाचे माप

"कुत्रा अधिक शहाणा की मांजर अधिक शहाणे?" हा प्रश्न माझ्याकडे येणारी मुले मला वारंवार विचारतात. विट्याला आमच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा आणि मनी नावाची मांजर अशी दोन जनावरे गेली सहा वर्षे एका छपराखाली नांदत आहेत. तेव्हा या वादाचा निवाडा मीच करावा, असे मुलांना वाटते. प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचे उत्तर आधीच ठरलेले असते. कुत्रा शहाणा, कारण तो सांगितलेले ऐकतो. मांजर मतलबी, कारण हाक मारली तरी ते येत नाही. एके काळी मीही हेच उत्तर दिले असते. आज मात्र ते मला मान्य नाही. का मान्य नाही, हे या लेखात सांगावयाचे आहे.

मनी आमच्या घरी आधी आली आणि मोत्या नंतर आला. दिवाळी उलटली की आमच्या खानापूर तालुक्यातले आणि शेजारच्या आटपाडी, माण या दुष्काळी भागांतले धनगर आपापली मेंढरे घेऊन चाऱ्याच्या शोधात पश्चिमेकडे निघतात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, मागे मेंढरांचा कळप आणि कळपाच्या कडेने चालणारी कुत्री, असे दृश्य आमच्याकडे रस्त्यारस्त्यांवर दिसते. रात्री शेतात वाघूर लावून, म्हणजे जाळ्याचे कुंपण करून, मेंढरे आत बसवतात. त्या कुंपणाबाहेर कुत्री पहारा करतात. कारण या उघड्या माळांवर लांडगा अजून आहे. असाच एक कळप खतासाठी आमच्या शेतात बसला होता. निघताना म्हाताऱ्या धनगराने एक पिल्लू माझ्या नातवाच्या हाती दिले आणि मला म्हटले, "गुर्जी, घ्या ह्यो. भाकरी घाला, पर साखळीला बांधू नगा." तोच आमचा मोत्या.

एके दिवशी मोत्याचा चेंडू घरंगळत जड कपाटाखाली गेला. त्याने दोन वेळा पंजा घालून पाहिला. चेंडू हाती येत नाही असे कळताच तो माझ्याकडे आला आणि माझ्या तोंडाकडे टक लावून पाहू लागला. मग त्याने कपाटाकडे पाहिले. पुन्हा माझ्याकडे पाहिले. त्याला काय म्हणावयाचे आहे हे कळण्यास भाषेची गरज नव्हती. मी उठलो, काठीने चेंडू काढून दिला. "पाहा, किती शहाणा आहे!" असे घरातील सर्वजण एकमुखाने म्हणाले.

त्याच आठवड्यात मनीनेही एक पराक्रम केला. दूधदुभते ठेवण्याच्या आमच्या जाळीच्या कपाटाची कडी जरा सैल झाली होती. मनीने दाराच्या खालच्या कोपऱ्यात नखे अडकवून दार स्वतःकडे ओढले. ते उघडले नाही. तिने थोडे थांबून पुन्हा ओढले. दार खडखडले, कडी हळूहळू सरकली आणि दार उघडले. हा सारा प्रकार चालू असताना तिने एकदाही कोणाकडे पाहिले नाही. मांजर डोळे मिटून दूध पिते, अशी म्हण आहे. मनीने मात्र डोळे चांगले उघडे ठेवून साय खाल्ली. "चोरटी मेली!" असे घरातील सर्वजण पुन्हा एकमुखाने म्हणाले.

मला मात्र त्या रात्री एक विचार सुचला. अडचण दोघांपुढेही होती. मोत्याने ती ओळखली आणि मदत मागितली. मनीने ती ओळखली आणि स्वतःच सोडवली. मग एकाला शहाणा आणि दुसरीला चोरटी कोणत्या न्यायाने म्हणावयाचे? मनीची बुद्धी मोत्याहून कमी होती, की केवळ ती आमच्या सोयीची नव्हती?

हा विचार माझ्या एकट्याच्या मनात आला असता, तर मी तो म्हातारपणाची लहर म्हणून सोडून दिला असता. परंतु विद्वानांनीही या गोष्टीचा बारकाईने अभ्यास केला आहे. हंगेरी देशातील बुडापेस्ट येथे आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्रे आणि माणसांनी लहानपणापासून हाताळून वाढवलेले लांडगे यांच्यावर प्रयोग केले. ते २००३ साली प्रसिद्ध झाले. खाद्य मिळवण्याची युक्ती आधी या प्राण्यांना शिकवली आणि मग ते खाद्य कोणत्याही प्रयत्नाने मिळू नये अशी व्यवस्था केली. लांडगे आपल्याच बळावर झटत राहिले. कुत्रे मात्र थोड्याच वेळात मागे वळून माणसाच्या तोंडाकडे पाहू लागले. मोत्याने कपाटाजवळ केले तेच हे! लांडगा हा कुत्र्याचा सर्वांत जवळचा आप्त आहे. धनगराचा कुत्रा रात्रभर ज्याच्यावर भुंकतो, तो त्याचाच भाऊबंद आहे. दोघांत जो मोठा फरक आहे, तो दातांत वा नखांत शोधण्यापेक्षा या मागे वळून पाहण्यात शोधावा.

हा फरक एका दिवसात पडलेला नाही. जर्मनीतील बॉन शहराजवळ १९१४ साली सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. तीत एक पुरुष आणि एक स्त्री यांच्याबरोबर कुत्र्याचे पिल्लू पुरलेले होते. त्याच्या दातांचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा ते पिल्लू मृत्यूपूर्वी गंभीर आजारी होते आणि माणसांनी शुश्रूषा केल्यावाचून ते तितके दिवस जगणे कठीण होते, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. शेती नव्हती, गाव नव्हते, त्या काळातही माणूस आजारी पिल्लाच्या उशाशी बसत होता. इतक्या पिढ्यांच्या सहवासात कुत्र्याने एक विद्या कमावली. ती म्हणजे माणसाचा चेहरा, डोळे, हात आणि आवाज वाचण्याची विद्या.

मांजराची कथा निराळी आहे. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या कबरीत माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. याचा अर्थ असा की, कुत्रा माणसाबरोबर शिकारीला गेला, तर मांजर माणसाच्या कणगीपाशी आले. कणगीपाशी त्याला कोणाच्या हुकुमाची वाट पाहावी लागत नव्हती. काळोखात एकट्याने दबा धरावयाचा आणि एकट्यानेच झडप घालावयाची, हेच त्याचे काम होते. अशा कामात मागे वळून मालकाच्या तोंडाकडे पाहत बसणारे मांजर उपाशीच राहिले असते.

मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली कुत्री आणि मांजरे यांची तुलना केली. माणसाने बोट दाखवले तर खाद्य कोठे आहे, हे कुत्र्यांना कळले आणि मांजरांनाही कळले! या कामी दोघांत फरक आढळला नाही. परंतु खाद्य मिळेनासे झाले, तेव्हा कुत्र्यांनी माणसाकडे जितके पाहिले तितके मांजरांनी पाहिले नाही. जपानमध्ये आत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मांजर आपल्या मालकाचा आवाज परक्या आवाजांतून ओळखते. स्वतःचे नावही इतर शब्दांतून ओळखते. हे प्रयोग २०१३ आणि २०१९ साली प्रसिद्ध झाले. आवाज ऐकला की मांजर कान हलवते, मान वळवते. पण सहसा उठून येत नाही. म्हणजे हाक त्याला ऐकू येते, कळतेही. उत्तर देण्याची त्याला निकड वाटत नाही, इतकेच.

हे वाचले तेव्हा मला मांजर आठवले नाही. मला माझ्या वर्गातील एक मुलगा आठवला.

मी तेव्हा तरुण शिक्षक होतो. प्रश्न विचारला की पुढच्या बाकांवरील मुले भराभर हात वर करीत. त्यांतील काहींना उत्तर येत नसे. पण ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत, माझी भुवई कोठे उंचावते हे न्याहाळत आणि बरोबर उत्तरापर्यंत पोहोचत. मला ती मुले हुशार वाटत. शेवटच्या बाकावर एका विणकराचा मुलगा बसे. प्रश्न विचारला की तो खाली पाही. नाव घेऊन हाक मारली तरी नुसती मान हलवी. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, "बुद्धी बेताची. लक्ष नाही." त्या शेऱ्याखाली त्याच्या वडिलांनी सही केली. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही.

पुढे दहा-बारा वर्षांनी काही कामानिमित्त मी एका यंत्रमागाच्या कारखान्यात गेलो. एक माग बंद पडला होता आणि चार माणसे त्याभोवती उभी होती. एक तरुण आला. त्याने माग क्षणभर चालवून त्याचा आवाज ऐकला, खाली वाकून कोठे तरी एक खिळ घट्ट केली आणि माग पूर्ववत चालू झाला. तो तोच मुलगा होता. मला पाहून त्याने वाकून नमस्कार केला. "गुरुजी, बसा. चहा सांगतो," असे म्हणाला. मी विचारले, "हे तुला कोणी शिकवले?" तो म्हणाला, "कोणी नाही, गुरुजी. शाळेतून घरी आलो की मागाकडं बघत बसायचो." त्याच्या बोलण्यात माझ्याविषयी राग नव्हता. मला मात्र तो चहा गोड लागला नाही. माझ्या प्रश्नाकडे पाहणारी बुद्धी मला दिसली; मागाकडे पाहणारी बुद्धी मला दिसली नाही. दोष त्या मुलाच्या बुद्धीचा नव्हता, माझ्या मापाचा होता.

मुलांनो, म्हणून माझे मत असे आहे की, आज्ञाधारकपणा आणि बुद्धी या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोणी आपले ऐकतो म्हणून तो शहाणा ठरत नाही आणि ऐकत नाही म्हणून मंद ठरत नाही. प्रत्येक जीवाला जगण्यासाठी जे काम करावे लागते, त्या कामाला साजेशी बुद्धी त्याच्या ठिकाणी असते.

यावर कोणी म्हणेल, "जनावरांना बुद्धी कसली? त्यांचे सारे उपजत असते." फ्रान्समधील देकार्त हा थोर तत्त्ववेत्ता १७व्या शतकात प्राण्यांना यंत्रासारखे मानीत असे. कोळी जाळे विणतो ते उपजत, हे मलाही मान्य आहे. पण अमेरिकेतील चेसर नावाच्या कुत्रीचे उदाहरण पाहा. जॉन पिली या प्राध्यापकांनी तिला सुमारे तीन वर्षे शिकवून १,०२२ खेळण्यांची नावे ओळखण्यास लावली. हा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध झाला. न ऐकलेले नाव उच्चारले, तर माहीत असलेली खेळणी सोडून ती नवे खेळणे उचलून आणी. "हे नाव याचे नाही, त्याचेही नाही, अर्थी ते या नव्याचे असले पाहिजे," असा हा तर्क आहे. याला उपजत कसे म्हणावे? आपल्या मुंबई पोलीस दलातील झंजीर नावाच्या लॅब्राडॉर कुत्र्याने १९९३ सालच्या बॉम्बस्फोटांच्या दिवसांत ३,००० किलोहून अधिक स्फोटके हुडकून काढण्यास साहाय्य केले आणि असंख्य लोकांचे प्राण वाचवले. २००० साली तो मरण पावला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. त्याचे नाक निसर्गाने दिलेले होते. पण कोणता वास शोधावयाचा आणि सापडल्यावर काय करावयाचे, हे तो शिकला होता. सर्वच कुत्री चेसर किंवा झंजीर नसतात, हे खरे. पण सर्वच माणसे तरी कोठे न्यूटन असतात?

आता एक व्यवहाराची गोष्ट. कुत्रा आणि मांजर एकत्र कसे नांदतात, हेही मुले मला विचारतात. त्यांचे वैर जन्मजात आहे, असा समज आहे. माझ्या मते ते पुष्कळसे भाषेचे भांडण आहे. कुत्रा आनंदला की शेपटी हलवतो; मांजर चिडले की शेपटी फटकारते. कुत्रा पुढचे पाय पसरून वाकला, तर "चल, खेळू" असा त्याचा अर्थ असतो; मांजराला तो हल्ल्याचा पवित्रा वाटतो. मोत्या आला त्या दिवशी तो असाच मनीपुढे वाकला आणि मनीने त्याचे नाक ओरबाडले. बिचारा कितीतरी वेळ कण्हत बसला.

इस्रायलमधील तेल अवीव येथील विद्यापीठात झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. मांजर घरात आधी आले असेल, ते सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा एक वर्षाच्या आत आणला असेल, तर दोघांचे चांगले जमते, असे त्यात आढळले. एवढेच नव्हे, तर सहवासाने दोघेही एकमेकांच्या खुणांचा अर्थ शिकतात. मांजरे एकमेकांना भेटताना नाकाला नाक लावतात. त्या घरांतील कुत्रीही मांजरांना तसेच भेटू लागली. आमच्या घरी मी ते प्रत्यक्ष पाहिले आहे. चार-सहा महिन्यांत मोत्या मनीकडे धावत जाण्याचे सोडून सावकाश जाऊ लागला आणि नाक पुढे करून थांबू लागला. मनीही त्याच्या हलत्या शेपटीला भिईनाशी झाली. आम्ही इतकेच केले की, मनीची ताटली मोत्याचे तोंड पोहोचणार नाही अशा उंच कोनाड्यात ठेवली आणि घाबरली तर चढून बसण्यास तिला माळा मोकळा ठेवला. दोन मुकी जनावरे जर एकमेकांची बोली शिकतात, तर आपण माणसांनी त्यांची बोली शिकण्यास काय हरकत आहे?

कारण ही बोली न शिकल्याचे दुष्परिणाम त्यांना आणि आपल्यालाही भोगावे लागतात. झोपलेल्या कुत्र्याला डिवचू नये, खाणाऱ्या कुत्र्याच्या ताटलीत हात घालू नये, पिल्लांजवळ बसलेल्या कुत्रीच्या जवळ जाऊ नये, अनोळखी कुत्रा दिसल्यास पळू नये. घरच्या जनावरांना रेबीजची, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची, लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी. कुत्रे किंवा मांजर चावले वा त्याने ओरबाडले, तर भीतीने लपवू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, तीवर हळद, चुना, मिरची असे काही लावू नये, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन डॉक्टर सांगतील तेवढी सर्व टोचणी पुरी करावी. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. पण वेळीच लस घेतली तर तो टळतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी आपली लस प्रथम ज्याला टोचली, तो जोसेफ मायस्टर तुमच्याहूनही लहान, अवघ्या नऊ वर्षांचा होता. तो वाचला.

आपल्या पूर्वजांनी खंडोबाजवळ कुत्रा उभा केला, दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान बसवले आणि षष्ठीदेवीला मांजराचे वाहन दिले. महाभारतातील युधिष्ठिराने सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारले. त्याच परंपरेत वाढलेले आपण रस्त्यातल्या कुत्र्याला विनाकारण धोंडा मारतो, मांजर आडवे गेले म्हणून वाटेत थबकतो आणि नकोशी झालेली पिल्ले पोत्यात घालून बाजारात सोडून येतो. हा बुद्धीचा नव्हे, विचाराचा अभाव आहे. पिल्लू आणण्यापूर्वी पुढील दहा-पंधरा वर्षे त्याला भाकरी, पाणी, औषध आणि आपला वेळ देता येईल का, हा प्रश्न घरातील मोठ्या माणसांसह बसून सोडवावा. उत्तर "नाही" असेल, तर पिल्लू न आणणे हीच त्याच्यावरची दया होय.

तेव्हा कुत्रा अधिक शहाणा की मांजर, याचा निवाडा मी करणार नाही. मी हे लिहीत असताना मोत्या उंबऱ्यावर बसून माझ्या तोंडाकडे पाहत आहे. फिरावयास जाण्याची वेळ झाली, हे त्याने ओळखले आहे. मनी कोनाड्यात पाठ करून बसली आहे. पण मी तिचे नाव मोठ्याने वाचले तेव्हा तिचा एक कान माझ्या दिशेने वळला. तुमच्या वर्गातही असा एखादा सोबती असेल, जो हात वर करीत नाही. त्याला मंद ठरवण्याची घाई करू नका. तो कशाकडे पाहत बसतो, ते आधी पाहा. ही घाई मी एकदा केली आहे.